सिस्टरच्या हातातली किल्ली

वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या रिठदमध्ये एखाद्या घरातल्या माणसाचं चित्त ठिकाणावर राहीनासं झालं, की घरच्यांसमोर तीन वाटा असतात. एक वाट शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे जाते. दुसरी वाशिमच्या जिल्हा रुग्णालयाकडे आणि गरज पडली तर पुढे अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे. तिसरी वाट नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची. ती अडीचशे किलोमीटरच्या पुढे, आणि सोयाबीनच्या सोंगणीत तर मनातही न येणारी.

पहिली वाट धरणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दर्ग्यावर माणसाला बसायला जागा मिळते, त्याचं म्हणणं कुणीतरी ऐकतं, घरच्यांना ‘हे तुमच्यामुळे झालेलं नाही’ असा दिलासा मिळतो. दवाखान्याच्या वाटेवर यातलं काही मिळायचं असेल, तर ते कुणाकडून? मानसोपचारतज्ज्ञ ओपीडीत दहा मिनिटं भेटतात, कधी तेवढीही नाही. वॉर्डात भरती झालेल्या माणसाचा उरलेला सगळा दिवस आणि रात्र सिस्टरच्या किंवा ब्रदरच्या नजरेखाली जाते. म्हणून मानसोपचार परिचारिका स्वतःला कोण समजते आणि कुठली मूल्यं धरून काम करते, हा विषय नर्सिंग कॉलेजच्या प्रश्नपत्रिकेपुरता राहत नाही. रिठदच्या माणसाला पुन्हा दवाखान्यात यावंसं वाटेल की नाही, ते त्यावर ठरतं.

या विषयावर जगभर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं परिचारिकेच्या मनाबद्दल आहे: ती कनवाळू हवी, संयमी हवी, पूर्वग्रहाविना बघणारी हवी. ते सगळं खरंच आहे. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. माणूस दिवसभर हातांनी जे करतो, तीच हळूहळू त्याची ओळख होते. सिस्टरच्या हातात दिवसभर किल्ली आणि रजिस्टर दिलं, तर तिच्या मनातली मूल्यं कितीही चांगली असली तरी वर्षा-दोन वर्षांत ती राखणदार होते. मूल्यांचा हिशोब मागायचा असेल तर आधी ड्युटी-चार्ट बघावा लागतो.

किल्ली आली कुठून, ते इतिहासात स्पष्ट दिसतं. महाराष्ट्रातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ब्रिटिश काळातली आहेत. नागपूरचं १८६४चं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचं येरवड्याचं. तेव्हा त्यांना ‘असायलम’ म्हणत, आणि सामान्य माणसाच्या तोंडी ‘पागलखाना’. १९१२च्या कायद्याच्या नावातच ‘लुनसी’, म्हणजे वेडेपणा, हा शब्द होता. उंच भिंती, कुलपं आणि मोजणी, अशी सगळी रचना तुरुंगाच्या जवळची. आत काम करणारे लोक बहुतेक ‘अटेंडंट’ होते, शुश्रूषेचं शिक्षण नसलेले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातल्या १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा ही रुग्णालयं उपचारापेक्षा कोंडण्यासाठी बांधलेली आहेत हेच दिसून आलं. आणि १९९९ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा अहवाल आला, तेव्हाही अनेक ठिकाणची रचना तुरुंगासारखीच होती. मधली पन्नास वर्षं इमारतींनी आपली सवय सोडली नव्हती. त्या इमारतींत नोकरीला लागलेल्या मुलीने पहिल्या दिवशी काय शिकावं? दार कसं लावायचं, ते.

शिक्षणाची बाजू त्या मानाने उशिरा उभी राहिली. बंगळूरला १९५४मध्ये ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ सुरू झालं, जे पुढे निम्हान्स झालं. परिचारिकांसाठी मानसोपचाराची स्वतंत्र पदविका त्याच दशकात तिथे आली. सर्वसाधारण नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मानसोपचार सक्तीने यायला आणखी बराच काळ गेला. आज जीएनएम किंवा बीएस्सी करणारी प्रत्येक मुलगी काही आठवडे मनोरुग्णालयात पोस्टिंगला जाते, केस स्टडी लिहिते, ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ म्हणून रुग्णाशी झालेलं संभाषण शब्दशः उतरवते. त्या वह्या मला फार मोलाच्या वाटतात. अनेक परिचारिकांच्या आयुष्यात रुग्णाचं बोलणं अक्षरशः लिहून घेण्याचा तो एकमेव काळ असतो. नोकरी लागल्यावर संभाषणाला रकाना उरत नाही.

त्या वह्यांमागे हिल्डेगार्ड पेप्लाव या अमेरिकन परिचारिकेचा विचार आहे. १९५२च्या तिच्या पुस्तकाने शुश्रूषेचा गाभा परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यात शोधला. या नात्यात परिचारिकेच्या अनेक भूमिका तिने सांगितल्या: शिकवणारी, माहिती देणारी, सल्ला देणारी, कुणाची तरी जागा घेणारी. आणि सगळ्यात पहिली भूमिका, परकी. दोन अनोळखी माणसं समोरासमोर येतात, एकमेकांना आदराने पारखतात आणि तिथून विश्वास वाढत जातो. या ‘परकी’वर मी पुढे परत येणार आहे, कारण रिठदमध्ये नेमकं तेच उलटं होतं.

पेप्लावचं म्हणणं पाठ्यपुस्तकांत गेलं. वॉर्डात किती गेलं, याचा शोध अ‍ॅनी आल्टशूल यांनी एडिनबरोमध्ये घेतला, आणि १९७२ साली आलेला त्यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. परिचारिका रुग्णांशी बोलत होत्या, पण त्या बोलण्यामागे ठरवलेली अशी दिशा सापडत नव्हती. त्याआधी इझाबेल मेन्झीस यांनी लंडनच्या एका रुग्णालयात वेगळंच टिपलं होतं. दुःखाच्या इतक्या जवळ राहणं सोसवत नाही, म्हणून रुग्णालय कामाचे तुकडे करतं. एकीने सगळ्यांचे ताप मोजायचे, दुसरीने सगळ्यांच्या गोळ्या वाटायच्या, कुणीच एका माणसाजवळ थांबायचं नाही. ते रुग्णालय मानसोपचाराचं नव्हतं, तरी हे निरीक्षण आपल्याकडच्या मनोरुग्णालयाला लागू पडतं असं मला वाटतं. ऐंशी जणांच्या वॉर्डात दोन सिस्टर असतील, तर कामाचे तुकडे पाडणं ही त्यांच्यासाठी टिकून राहण्याची एकमेव रीत असते. तिला निर्दय म्हणणारा माणूस त्या वॉर्डात रात्रपाळीला राहिलेला नसतो.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला आणि कागदावर तरी सिस्टरच्या हातातली किल्ली काढून घेतली गेली. मनोरुग्णाला साखळीने बांधायचं नाही, भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचा झटका द्यायचा नाही, सक्तीने केस कापायचे नाहीत. त्याला स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, वॉर्डात काम करून घेतलं तर मोबदला मिळाला पाहिजे. पुढे आजार बळावला तर कुठले उपचार हवेत आणि कुठले नकोत हे त्याने आधीच लिहून ठेवलं, तर ते ऐकावं लागतं. परिचारिकेसाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम मात्र फारसं चर्चेत येत नाही. रुग्णाला बांधून ठेवणं किंवा आवरून धरणं हे तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच चालेल. मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी आणि नोंद हवी. शिक्षा म्हणून ते कधीच चालणार नाही. आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही ते करता येणार नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. रात्रपाळीला एकट्या असलेल्या सिस्टरला हे वाक्य दिलासा देतं की कात्रीत पकडतं? माझ्या मते ते तिच्या बाजूचं वाक्य आहे. मनुष्यबळ नाही म्हणून बांधावं लागलं, तर दोष तिच्या मूल्यांचा नसून रिकाम्या पदाचा आहे, हे कायद्याने मान्य केलं आहे. फक्त त्या वाक्याचा आधार घेऊन जादा कर्मचारी मागण्याचं बळ तिला कुणीतरी द्यायला हवं.

याच कायद्याने ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ कुणाला म्हणायचं तेही ठरवलं आहे, आणि ती व्याख्या विचार करायला लावणारी आहे. मानसोपचारातलं खास शिक्षण घेतलेली परिचारिका तीत आहेच, पण सर्वसाधारण नर्सिंगची पदविका किंवा पदवी घेऊन नर्सिंग परिषदेकडे नोंद झालेलीही आहे. ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य हे नर्सिंगचं वेगळं क्षेत्र आहे, त्याची वेगळी नोंदणी होते. आपल्याकडे दार सगळ्यांना उघडं ठेवलं आहे. वाशिमसारख्या जिल्ह्यासाठी हे एका अर्थी वरदान आहे, कारण खास शिकलेल्या परिचारिकेची वाट बघत बसलो तर रिठदला कुणीच येणार नाही. पण दुसऱ्या अर्थी, कुणीही करू शकतं असं म्हटलं की ते काम कौशल्याचं उरत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर अनुभवी परिचारिकेला एक जागा आहे. रुग्णाचे हक्क प्रत्यक्ष तपासणाऱ्या मंडळांवर मात्र न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर, रुग्ण आणि संस्थांचे प्रतिनिधी यांना जागा आहे, परिचारिकेला नाही. चोवीस तास जवळ असणाऱ्या व्यक्तीचं मत तिथे कुणाच्या तोंडून पोचणार?

समाजाची वागणूकही तशीच. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर ही गावांची नावं चिडवायला वापरली जातात. त्याचा डाग तिथे काम करणाऱ्यांवरही बसतो. ‘मेंटलला ड्युटी’ असली की लग्नाच्या बोलणीत ती गोष्ट मागे ठेवली जाते; इतर वॉर्डांतल्या सिस्टरही तिच्याकडे बदलीची शिक्षा झाल्यासारखं बघतात. ज्या पेशाला आपल्याच माणसांत आदर नाही, त्याची मूल्यं भक्कम राहावीत ही अपेक्षा अवघड आहे.

खरं तर वेडाकडे थांबून बघण्याची रीत वऱ्हाडाला परकी नाही. महानुभाव पंथाला पूज्य असलेल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक आधी वेडेच म्हणत. शेगावात १८७८ साली गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचताना, आणि बघणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते कोणीतरी पिसाट समजून नजर फिरवली. मनोरुग्ण संत असतो असं मला सुचवायचं नाही; आजाराला दैवी करणं हाही त्याच्यावर अन्यायच. पण एखाद्याला ‘वेडा’ म्हणून मोकळं होण्याआधी क्षणभर थांबावं, हे मूल्य आपल्या मातीत आधीपासून आहे. मानसोपचार परिचारिकेला ते पुस्तकातून आयात करायची गरज नाही.

आता मोठी मनोरुग्णालयं सोडून वाशिमला येऊ. वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे बारा लाख. २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे पॅकेज दिलं, त्यांत हा होता. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीचा राज्याचा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५मध्ये चौदा जिल्ह्यांत सुरू झाला, त्यातही हा होता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांच्याबरोबर मानसोपचार परिचारिका आणि सामुदायिक परिचारिका अशी दोन पदं धरलेली असतात. ऑक्टोबर २०२४मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. हे सगळं चांगलं आहे. पण या जिल्ह्यात मानसोपचार परिचारिकेचं काम प्रत्यक्षात सगळ्यात जास्त कोण करतं? माझं उत्तर आहे, जनरल वॉर्डातली सिस्टर, जिला कुणीच त्या नावाने ओळखत नाही.

कीटकनाशक पिऊन आलेल्या माणसाचा विचार करा. ऑर्गनोफॉस्फेट असेल तर पोट धुणं, अ‍ॅट्रोपिन, डोळ्यांच्या बाहुल्या बघत राहणं, पहिले काही दिवस श्वासावर नजर. हे सगळं सिस्टर करते. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण, अशी नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, नातेवाईक कोपऱ्यात कुजबुजतात. तो शुद्धीवर येतो, तेव्हा सलाईन बदलायला आलेली सिस्टर त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलते? ‘मरायचं होतं तर आम्हाला कशाला ताप?’ असं एखादी थकलेली सिस्टर बोलून जाते. हे शब्द मी एका वॉर्डात माझ्या कानांनी ऐकले आहेत. त्याच वॉर्डात दुसरीने स्टूल ओढून विचारलं होतं, ‘दादा, गमत नाही का काही?’ वऱ्हाडीतल्या या ‘गमत नाही’त उदासी, एकटेपण, कशातच जीव न लागणं, सगळं मावतं. प्रश्नावलीतल्या ‘तुम्हाला निराश वाटतं का’ या वाक्याला जे उत्तर मिळत नाही, ते या दोन शब्दांना मिळतं.

कायदा या दुसऱ्या सिस्टरच्या पाठीशी आहे. २०१७च्या कायद्याच्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, त्याचं पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड विधानातलं ३०९ कलम राहिलेलंच नाही. म्हणजे तो माणूस गुन्हेगार नाही. तरीही वॉर्डात त्याला गुन्हेगारासारखं वागवलं जात असेल, तर ती सवय किल्लीच्याच घराण्यातली आहे.

रिठदमध्ये परत गेल्यावर त्याला कोण भेटतं? आशाताई, एएनएम, समुदाय आरोग्य अधिकारी. पेप्लावची ‘परकी’ इथे शक्यच नसते. आशाताई कुणाची तरी सून, कुणाची भावजय. रुग्णाची बायको तिची मैत्रीण, आणि त्याच्या चुलत्याशी तिच्या सासऱ्यांचा बांधावरून वाद. तिला त्याच्या घरातलं सगळं आधीच माहीत असतं. मोठ्या शहरातल्या परिचारिकेला विश्वास कमवावा लागतो. आशाताईला तो टिकवावा लागतो, आणि तो एका वाक्याने जातो. गोपनीयता हे मूल्य कायद्याच्या पुस्तकात सोपं दिसतं, पण गावात ते जपणं म्हणजे पाणी भरताना, बचत गटाच्या बैठकीत, सासूच्या प्रश्नाला रोज नव्याने गप्प बसणं. अंनिसचे ‘मानसमित्र’ किंवा गोव्यातल्या ‘संगाथ’ने प्रशिक्षण दिलेले सामान्य घरांतले समुपदेशक यांच्या कामातून हे सिद्ध झालं आहे की मोठी पदवी नसलेला माणूसही मानसिक आजारात खरी मदत करू शकतो. पण त्या प्रयोगांत त्या माणसांच्या मागे नियमित देखरेख करणारं कुणीतरी होतं. आशाताईच्या मागे ती जागा मानसोपचार परिचारिकेने घ्यायची असते, आणि ती जागा भरलेली नसेल तर आशाताईवर टाकलेलं ओझं अन्यायाचं आहे.

घरात आणखी एक अवघड गोष्ट घडते. रुग्ण गोळी घेत नाही, मग आई ती कुटून वरणात, चहात, कणकेत घालते. डॉक्टरांनाही ते माहीत असतं. परिचारिकेने काय करावं? कायदा संमती मागतो. आईला रात्रभर जागून मुलाला राखायचं असतं. मला वाटतं, इथे कडक उत्तर देणारी परिचारिका त्या घरात पुन्हा बोलावली जाणार नाही, आणि मुकाट्याने मान्य करणारी आपल्या पेशाशी खोटं वागेल. तिने आईला हे सांगावं की लपवलेली गोळी कळली की मुलाचा अन्नावरचाच विश्वास उडतो. मग महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा पर्याय मुलासमोर, त्याच्याशी बोलून ठेवावा.

आणि ऊन. विदर्भातल्या परिचारिकेला हे ठाऊक हवं, पण मानसोपचाराच्या वर्गात ते क्वचितच शिकवलं जातं. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामाने कमी झालं, की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, ही धोक्याची खूण. मनोविकारांवरची इतर काही औषधंही शरीराची घाम गाळून थंड होण्याची ताकद कमी करतात. वैशाखात पंचेचाळीस अंशांत वखरणी करणाऱ्या माणसाला पाणी पीत राहा, मीठ एकदम बंद करू नकोस, थरथर वाढली की लगेच ये, हे सांगणारी सिस्टर त्याचा जीव वाचवते. त्याच्या मनाची काळजी घेणारीला त्याच्या शेताचा हंगाम माहीत असावा लागतो. मला हे तिच्या पेशाचं सगळ्यात सुंदर अंग वाटतं.

शेवटी ती किल्ली. ती काढून घेतली तर हातात काय द्यायचं, याचं एक मोजलेलं उत्तर उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नई होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या १,८६७ जणांना दोन गटांत वाटलं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याशिवाय घरी जाताना तासभर बोलणं, आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा संपर्क, भेटून किंवा फोनवर: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. २००८मध्ये निष्कर्ष आला. नेहमीच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले, संपर्काच्या गटात ०.२ टक्के. या संपर्काला महागडी औषधं लागली नाहीत. लागली ती अनुभवी व्यक्ती, जिला त्या तारखेला त्या माणसाची आठवण ठेवायचं काम नेमून दिलेलं होतं.

वाशिमच्या जनरल वॉर्डाच्या ड्युटी-चार्टवर हे नऊ संपर्क लिहिता येतील. विष घेतलेल्या माणसाला सुट्टी देताना तासभर, बंद खोलीत, नातेवाइकांशिवाय. मग सातव्या दिवशी रिठदला फोन. सिस्टरने स्वतःचं नाव सांगायचं, शेतीचं काय चाललंय ते विचारायचं, झोप लागते का ते विचारायचं, आणि मग हळूच, गमते का.